बाईंची संख्या आणि मास्तरांचा भागाकार

त्या गल्लीत एक गंमत होती. जी शिकवायची तिला सगळे बाई म्हणत, ते ठीकच होतं. पण जो शिकवत नव्हता त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर शिंपी होते. बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. दोघं नवरा-बायको, पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. शिकवणीसाठी मुलीला घेऊन आलेले आईबाप 'मास्तर आहेत का?' असं विचारत पायरी चढले, की मास्तर गळ्यातला टेप सरळ करून विचारायचे, "फ्रॉक की स्कर्ट?" मग आतून बाईंचा आवाज यायचा, "अहो, ते माझं गिऱ्हाईक आहे."

मास्तर बुटके, पोट जरा पुढे, आणि गळ्यात टेप कायमचा. एकदा बँकेत गेले तेव्हाही टेप गळ्यातच होता, आणि तिथल्या माणसानं त्यांना कौतुकानं विचारलं होतं की डॉक्टर, आज इकडे कुठे? हात मात्र असा की कोटाची कॉलर त्यांनी बसवली की ती मानेवर सावलीसारखी बसायची. बाई पहिल्यांदा त्यांच्याकडे आल्या त्या शाळेत घालायचा लांब कोट शिवून घ्यायला. खिसे खडूच्या भुकटीनं पांढरे होतात अशी त्यांची तक्रार होती. मास्तरांनी खिशांना आतून रेक्झिनचं अस्तर लावलं आणि तळाशी एक बटण ठेवलं, उघडलं की भुकटी बाहेर. बाई म्हणाल्या, "हे सुचलं कसं तुम्हाला?" मास्तरांचे कान लाल झाले. पुढचं सगळं त्या बटणापासून सुरू झालं असं बाईंची बहीण अजूनही सांगते. ह्या बहिणीला दोघंही 'धाकटी' म्हणत.

हिशोबाशी मास्तरांचं वैर नव्हतं. साडेतेवीसचा पाऊण करा, त्यातून सव्वा वजा करा, हे ते कात्री चालवता चालवता करत. पण कागदावरचा भागाकार म्हटला की ते कागद दुसऱ्याकडे सरकवायचे. चौथीत असताना त्यांना फळ्यापाशी उभं केलं होतं. त्यांची बाकी भाजकापेक्षा मोठी आली आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. तेव्हापासून त्यांनी भागाकाराचा रस्ताच सोडला होता. बायको गणिताची म्हणून त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी लांबूनच बाळगला, जसा एखाद्याला समुद्राचा असतो आणि पाण्यात पाय घालायची भीती वाटते.

बाईंची शाळेतली नोकरी संपायला थोडाच काळ उरला होता तेव्हा त्यांच्या डोळ्याचं दुखणं सुरू झालं. वर्गात त्यांनी फळ्यावर सरळ रेघ ओढली आणि ती त्यांना मध्येच पोटात गेल्यासारखी दिसली. पुसून पुन्हा ओढली, पुन्हा तेच. मुली म्हणाल्या, "सरळ आहे बाई." काही दिवसांत उजव्या डोळ्यावर कोपऱ्यातून काळा पडदा सरकायला लागला. डावा डोळा लहानपणापासूनच अधू. त्या डोळ्यानं माणूस दिसायचा, अक्षर नाही. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं. आतला पडदा सुटला होता, तो जागेवर बसवून डोळ्यात वायूचा फुगा सोडला. तो फुगा पडद्याला दाबून धरणार, आणि त्यासाठी बाईंनी काही आठवडे पालथं राहायचं. झोपताना पालथं, बसतानाही मान खाली. वर बघायचं नाही.

"किती दिसेल?" मास्तरांनी विचारलं.

"बघू या," डॉक्टर म्हणाले. मास्तरांना हे उत्तर मुळीच आवडलं नाही. गिऱ्हाइकानं पँट कशी होईल विचारल्यावर आपण 'बघू या' म्हटलं तर?

दवाखान्यानं दिलेली उशी बाईंच्या गालाला टोचायची. मास्तरांनी घरातल्या तीन उशा उसवल्या, त्यांतला कापूस पिंजून एक गोल कडं शिवलं, वरून कोटाला लावतात ते मऊ अस्तर, आणि दोन्ही बाजूंना कान मोकळे राहावेत म्हणून खाचा. मागच्या खोलीत, दुकानाच्या दाराजवळ पलंग लावला आणि त्याच्या पुढच्या टोकाला कडं बांधलं. बाईंनी त्यात चेहरा ठेवला. खाली फरशी दिसायची. जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसायचे. "छान आहे हो," त्या म्हणाल्या. "कानांचं तर डॉक्टरांनाही सुचलं नसतं."

उशी झाली आणि मास्तरांचं काम संपलं. तिथून खरी अडचण सुरू झाली. दुकान त्यांनी बंदच ठेवलं. टेबलावर लोकांच्या कापलेल्या पँटी तशाच पडून. बाईंच्या भोवती ते घिरट्या घालायचे. पाणी हवं का? मान दुखते का? पंखा वाढवू? थेंब घालायची वेळ झाली का? बाईंना फरशीवर त्यांचे पाय दिसायचे: आले, थांबले, गेले, परत आले. वर्तमानपत्र वाचून दाखवायला बसले की डोळ्यांविषयी काहीही छापून आलेलं असलं तरी ते गाळायचे, आणि गाळताना इतके अडखळायचे की बाईंना कळायचंच. एकदा थेंब घालताना त्यांचा नेम चुकला. थेंब गालावर पडला. बाईंनी काही म्हणायच्या आतच पाय झपाझप मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

परत आले तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, माझं एक काम करता?"

"सांग ना."

"पडून पडून माझं डोकं सडायला लागलंय. मला एक भागाकार घालून द्या."

मास्तरांचे पाय जागच्या जागी थिजले. "धाकटीला सांगू या का? तिचं गणित बरं आहे."

"धाकटीला वेळ नाही. तुम्ही या. आधी एक अस्तराचा तुकडा घ्या. घातली एक घडी? किती पदर झाले?"

"दोन."

"अजून एक."

"चार. मग आठ, सोळा, बत्तीस." मास्तरांचा आवाज सैल झाला. घड्यांचं त्यांना कोण शिकवणार? पाचव्या घडीनंतर कापड मुठीएवढं झालं. सहावी त्यांनी गुडघ्यानं दाबून घातली. "आता नाही जात. सुईसुद्धा शिरायची नाही ह्यात."

"समजा गेली असती. एकतीस घड्या घातल्या असत्या, तर जेवढे पदर होतील त्यातला एक काढून टाका. ती माझी संख्या." आणि बाईंनी फरशीकडे बघत, एखाद्या नातेवाईकाचं पूर्ण नाव सांगावं तशी ती सांगितली: दोनशे चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस.

मास्तरांनी खाकी कागदावर खडूनं लिहिलं: २१४७४८३६४७. दहा आकडे. छातीचं माप कधी एवढं येत नाही.

"आता हिला कशानं भाग जातो का ते बघायचं. एक सोडून, ती स्वतः सोडून. गेला तर ती संयुक्त. नाही गेला तर मूळ संख्या."

"संयुक्त म्हणजे आपल्या मोठ्या काकांच्या घरासारखी? सगळे एकत्र?"

"तशीच. आणि मूळ म्हणजे एकटी. कुणाच्या पाढ्यात न येणारी."

"तीन घड्यांचं काय?" मास्तरांना गोडी लागत चालली होती. "आठातून एक गेला, सात. ती मूळ. चार घड्या, पंधरा. तिला तिनानं भाग जातो. पाच घड्या, एकतीस. मूळच." ते थांबले. "घड्या मूळ तर संख्या मूळ?"

कड्यातून बाईंचं हसू आलं. "एवढं सोपं असतं तर! अकरा मूळ आहे ना? अकरा घड्यांचे दोन हजार सत्तेचाळीस होतात. तेवीस गुणिले एकोणनव्वद. फसवतात त्या. म्हणून बघावं लागतं."

"पण मग दोनपासून दोनशे कोटींपर्यंत सगळ्यांनी भागत बसायचं?" मास्तरांनी खडू खाली ठेवला.

"नाही हो. भाजक जोडीनं येतात. एकानं भाग गेला की उत्तर हा दुसरा. जोडीतला धाकटा सापडला की झालं, आणि तो सेहेचाळीस हजार तीनशे चाळीसच्या आत असतोच. शिवाय हिची आवड फार ठरावीक. बासष्टच्या पाढ्यात एक मिळवून येणाऱ्या संख्यांशिवाय हिच्या दाराशी कुणी उभंच राहू शकत नाही. त्यातही आठानं भागून एक किंवा सात उरला पाहिजे. का ते आत्ता विचारू नका, ते सांगायला मला फळा लागेल."

शाळेच्या कपाटातलं मूळ संख्यांच्या कोष्टकांचं पुस्तक धाकटीनं आणून दिलं. त्यातून चाळून चाळून ऐंशी-पंच्याऐंशी भाजक उरले. पहिला तीनशे अकरा. मास्तर कापायच्या टेबलावर वाकले. त्यांनी पेन्सिलीला कात्रीनं टोक केलं, जीभ दातांत धरली, आणि चौथीनंतर पहिल्यांदा कागदावर भागाकार मांडला. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत पोचले.

"बाकी पस्तीस," ते म्हणाले, आणि घाईनं, "भाजकापेक्षा लहान आहे."

"शाबास. म्हणजे तीनशे अकरा गेला. पुढचा तेराशे तीन."

त्या दिवसापासून घराची चाल बदलली. सकाळी थेंब, चहा, मग एक भागाकार. दुपारी एक. हात बसला तसे दोन. मास्तरांना भागाकारातली लय सापडली. एक अंक खाली उतरवायचा, किती वेळा जातो बघायचं, कापायचं, उरलेला तुकडा पुढच्याला जोडायचा. हे तर आपलंच काम! दुकानाचं दार उघडलं. पडून राहिलेल्या पँटी एकेक करून गेल्या. थेंबाचा नेम चुकेना. भागाकार जमला की मास्तर शीळ घालत, आणि शीळ घातली की समोरचा घड्याळवाला, डोळ्याला भिंग लावलेलं तसंच ठेवून, ओरडून विचारत असे, "काय मास्तर, तुटली का?"

"नाही तुटत!" मास्तर ओरडत. "चिवट आहे!"

बाईंना सगळं ऐकू यायचं. त्या ओठ मिटून फरशीकडे बघत राहायच्या.

धाकटी एका दुपारी ताईचे केस विंचरायला आली. पलंगाजवळ खाली बसून तिनं हळूच विचारलं, "ताई, ही तीच संख्या ना, जी तू दर वर्षी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितेस?"

"हळू बोल."

"मग भावजींना सांगितलंस का?"

"केसांकडे लक्ष दे," बाई म्हणाल्या.

साधारण एक तृतीयांश भाजक झाले असतील. बारा हजार चारशे एकची पाळी होती. भागाकार शेवटाला आला होता आणि दारात बस चालवणारे एक गृहस्थ उभे राहिले. त्यांच्या गणवेशाची पँट कमरेत आवळत होती. मास्तरांनी पेन्सिल ठेवली, त्यांचं पोट मापलं, किती उसवता येईल ते सांगितलं, आणि गृहस्थांची आणखी थोडं उसवा, पुढेही वाढेलच, ही विनंती मान्य केली. ते गेल्यावर मास्तर टेबलाशी परत आले. कागदावर सगळ्यात खाली शहाऐंशी हजार आठशे सात होतं. शेवटचा सात म्हणजे संख्येचा शेवटचा अंक. एवढाच घास राहिलाय. बारा हजार चारशे एक सात वेळा किती? शहाऐंशी हजार आठशे सात.

वजा केलं. शून्य.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. शून्य. कानात मशीन चालल्यासारखं व्हायला लागलं. आत जाऊन ते पलंगाजवळ गुडघ्यांवर बसले आणि वाकून कड्याच्या खालून बाईंच्या तोंडाकडे बघायला लागले.

"अगं, बाकी शून्य आली."

"काय?"

"गेला भाग. बारा हजार चारशे एकनं. एक लाख त्र्याहत्तर हजार एकशे सत्याहत्तर वेळा. तुटली तुझी संख्या."

 बाईंनी मनातल्या मनात पडताळणी केली. एक आणि सात, शेवटचा अंक सात, बरोबर. नवाचा ताळा लावला. भाजकाचे अंक मिळवून आठ. भागाकाराचेही आठ. आठी आठी चौसष्ट, सहा आणि चार दहा, म्हणजे एक. संख्येचे अंक मिळवून सेहेचाळीस, म्हणजे दहा, म्हणजे एक. जुळलं! बाईंना दरदरून घाम फुटला. जी गोष्ट आपण तीस वर्षं मुलींना छातीठोकपणे सांगितली तिचा ताळा उलटा कसा जुळतो?

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. पण त्यांना पाय दिसले नाहीत. पाय रस्त्यावर पोचले होते.

"तुटली!" मास्तर घड्याळवाल्याच्या दुकानासमोर उभे होते, गळ्यातला टेप दोन्ही हातांत ताणून धरलेला. "तुटली हो!"

घड्याळवाल्यानं भिंग काढलं. संख्येचं त्याला काडीचंही कळत नव्हतं, पण मास्तरांचा चेहरा बघून तो उठून आला आणि त्यानं त्यांना मिठी मारली. भाजीवाली, बस चालवणारे गृहस्थ, दोन-तीन मुली जमल्या. मास्तर म्हणत होते, "बाईंची संख्या. दोनशे चौदा कोटींची. आजपर्यंत कुणाला तुटली नव्हती!"

परत आले तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, एक करा. उलटा गुणाकार करून दाखवा."

"ताळा बघ की तू."

"बघितला. जुळतो. म्हणूनच म्हणते. ताळा जुळला म्हणजे बरोबरच असं नसतं, तो फक्त चूक पकडतो, तीही पकडली तर. पूर्ण गुणाकार करा."

मास्तरांनी केला. उत्तर आलं दोनशे चौदा कोटी पंच्याहत्तर लाख सदुसष्ट हजार नऊशे सत्याहत्तर. पुन्हा केला. पुन्हा तेच. बाईंच्या संख्येपेक्षा चौऱ्याऐंशी हजारांनी जास्त. मग ते भागाकाराच्या कागदावर बोट ठेवून एकेक ओळ खाली उतरले, आणि शेवटाजवळच्या एका ओळीवर बोट थांबलं. सत्याऐंशी हजार चोपन्न. त्याच्याखाली शहाऐंशी हजार आठशे सात हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, वजा करायला. वजाबाकीची रेघ ओढायची आणि पोटाचं माप घ्यायला ते उठले होते. परत आल्यावर त्याच ओळीला उरलेली रक्कम समजून त्यांनी तिलाच पुन्हा भागलं होतं. आपणच केलेला सातपट आकडा, त्याला भाग जाणार नाही तर काय!

"खरी बाकी दोन हजार चारशे सत्याहत्तर," ते आत येऊन म्हणाले. आवाज पडला होता. "तुला आधीच कळलं होतं?"

"चूक कुठे ते नव्हतं कळलं."

"पण चूक आहे हे?"

बाईंनी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. "हो. ती मूळ संख्या आहे. अडीचशे वर्षांपूर्वीच एका माणसानं हेच भाजक घेऊन बघितलं होतं. सगळ्या जगाला माहीत आहे."

फरशीवरचे पाय हलले नाहीत.

"म्हणजे मला खेळायला बसवलंस," मास्तर म्हणाले. "लहान मुलाच्या हातात खुळखुळा देतात तसं."

"तसं नाही हो. तुम्ही अंगणात जाऊन रडत होता. मला उठता येत नव्हतं, तुमच्याजवळ येता येत नव्हतं. काय करणार होते मी? तुमचे हात रिकामे राहिले की तुमचं काय होतं ते मला माहीत आहे."

"आणि मी," मास्तर म्हणाले, "मी तुझं मन रमावं म्हणून करत होतो! भागाकार! मी!"

ते दुकानात जाऊन बसले. संध्याकाळी थेंब घातले, चहा दिला, एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. शीळ नाही. घड्याळवाल्यानं "मास्तर!" म्हणून हाक मारली तर त्यांनी मशीन जोरात चालवलं. धाकटी आली, दोघांच्या मधून दोन फेऱ्या मारल्या, आणि "तुमचं तुम्ही बघा" म्हणून निघून गेली.

त्या दुपारी मास्तर काजं करत बसले होते. सुई चालता चालता थांबली. त्यांनी तिथूनच, मान न वळवता विचारलं, "तुला हीच संख्या का आठवली?"

बाई इतका वेळ ह्याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारख्या लगेच बोलल्या. "ज्या माणसानं ते केलं ना, त्याला तेव्हा जवळजवळ दिसत नव्हतं. एक डोळा तरुणपणीच गेला होता, दुसरा म्हातारपणी. पालथी पडल्यावर मला सारखा तोच आठवायचा."

मास्तरांनी काजाला दोन टाके घातले. मग मास्तर म्हणाले, "मग त्याचं लिहून कोण घ्यायचं?"

"असेल कुणीतरी घरातलं. मुलगा, शिष्य, कुणीतरी."

"नाव आहे का कुणाचं?"

"मला तरी माहीत नाही."

मास्तरांनी दोरा तोडला, काज पुरं केलं, आणि आत आले. बाईंना फरशीवर त्यांचे पाय दिसले, मग गुडघे, मग खाली वाकलेला चेहरा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"पुढचा भाजक कुठला होता?" त्यांनी विचारलं.

"अहो, आता कशाला? सगळं ठाऊक आहे म्हटलं ना."

"दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर मी कधी कापड कापलंय? गिऱ्हाईक सांगतं, कंबर चौतीस, मी टेप लावतोच. तो माणूस हुशार असेल. पण त्याचे भागाकार मी बघितले नाहीत."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं, ते कड्याच्या अस्तरात जिरलं. "रडायचं नाही," मास्तर घाबरून म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय का रडलेलं चालतं म्हणून?"

आता मात्र त्यांनी गंमत म्हणून नाही, जिद्दीनं भागाकार घातले. प्रत्येकाचा उलटा गुणाकार. गिऱ्हाईक आलं तर आधी चालू वजाबाकी पूर्ण, मग गिऱ्हाईक. बाईंचा फुगा हळूहळू विरला, मान वर करायची परवानगी मिळाली. डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी मास्तर दवाखान्यात त्यांच्यासमोर उभे होते. बाईंनी बघितलं. मास्तरांच्या गळ्यातला टेप त्यांना मध्येच वळलेला दिसला, नदीसारखा.

"टेप वाकडा दिसतोय," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी घाईनं तो सरळ केला.

"तुमचा नाही हो. माझ्या डोळ्यात वाकडा आहे." डॉक्टरांनी सांगितलं, एवढं राहील. वाचता येईल, मोठं अक्षर, सावकाश. सरळ रेघा मात्र थोड्या वाकड्याच दिसतील. बाईंनी ते ऐकून मान डोलावली. रिक्षात बसल्यावर त्यांनी मास्तरांचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

शेवटचे काही भाजक त्यांनी दोघांनी मिळून केले, कापायच्या टेबलावर समोरासमोर बसून. बाई भिंगातून आकडे वाचायच्या, भागाकार त्यांचा, गुणाकार मास्तरांचा. शेवटच्या भाजकाचीही बाकी उरली. मास्तरांनी तो कागद उचलून उजेडाकडे धरला, शिलाई तपासावी तसा.

"नाही तुटत," ते म्हणाले. "खरंच नाही तुटत." आणि चप्पल घालून समोर गेले.

"नाही जात भाग तिला," त्यांनी घड्याळवाल्याला सांगितलं.

"अहो, मागे तर जातो म्हणालात! मी मिठी मारली तुम्हाला!"

"ते चुकलं होतं."

"मग मिठी परत द्या," घड्याळवाला म्हणाला, आणि मास्तरांनी दिली.

बाई पुन्हा शाळेत गेल्या, उरलेला काळ शिकवलं. फळ्यावर रेघ ओढायला त्या एखाद्या मुलीला उभं करत. एकदा त्यांनी मास्तरांना वर्गात बोलावलं, मुलींना सगळी हकिकत सांगायला. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि फळ्यासमोर उभे राहिले. हकिकत सांगायच्या ऐवजी त्यांनी खडू घेतला, बारा हजार चारशे एकचा भागाकार सबंध मांडला, आपण कुठे चुकलो तिथे बोट ठेवलं, आणि मग बरोबर करून दाखवला. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "काका, ह्याच्याहून मोठी मूळ संख्या आहे का?" मास्तरांनी बाईंकडे बघितलं.

"खूप मोठमोठ्या आहेत," बाई म्हणाल्या.

घरी येताना मास्तर विचारात होते. "सगळ्यात मोठी कुठली?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यात मोठी नसतेच. कितीही मोठी घ्या, तिच्या पुढे अजून एक असतेच. हे मात्र मी तुम्हाला आत्ता चालता चालता सांगू शकते, फळा नको."

"सांग," मास्तर म्हणाले. त्यांनी चालणं मंद केलं, बाईंच्या बाजूचा खड्डा बघून त्यांना अलीकडे घेतलं, आणि बाई सांगायला लागल्या.